औषध आणि ड्यूटी

४ फेब्रुवारी

सर,

दचकू नकोस. मला इथे पाठवायचा हुकूम सरांनी काढला, तेव्हा पहिलं पत्रही सरांनाच जायला हवं. नवऱ्याने काढला असता तर त्याने मला घरी चहा पिताना सांगितलं असतं. मला तो नोटीस बोर्डावर वाचायला मिळाला, तोही दातांच्या डॉक्टरबाईंनी पाठीवर हात ठेवून 'बॅग भरायला येऊ का गं?' असं विचारलं म्हणून. मी हसून म्हटलं, नको, आमचं घरी ठरलंच होतं. बघ, तुझी अब्रू मी तिथेही झाकली.

पोचले. सीमेजवळचं हे इस्पितळ म्हणजे चार तंबू आणि एक लोखंडी डबा. डब्यात ऑपरेशन थिएटर. जनरेटर अडखळला की दिवे मंदावतात, आणि मी एका हाताने पेशंटच्या श्वासाचा फुगा दाबत दुसऱ्या हाताने टॉर्च धरते. इथल्या सर्जनला नुकतंच मिसरूड फुटल्यासारखं दिसतं, पण हात चांगला आहे, आणि तुझ्यासारखा भूल देणाऱ्या माणसावर खेकसत नाही. सगळ्यात वरचे अधिकारी म्हणजे निवृत्तीला टेकलेले एक फिजिशियन. सगळे त्यांना मागून आजोबा म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी ते रागावतील असं वाटत नाही.

मला एकच गोष्ट पचत नाहीये. आपल्याकडे भूल देणारे तिघं. पाळी त्या नव्या कॅप्टनची होती. लग्न नाही, मूल नाही, यायला एका पायावर तयार. त्याला मागे सारून तू माझं नाव घातलंस. का, तर 'उद्या कोणी म्हणायला नको की चीफने बायकोला पाठीशी घातलं.' हे तू मला गाडीत बसताना सांगितलंस, ड्रायव्हरसमोर. बरं, आता कोणी तसं म्हणत नाही. सगळे म्हणताहेत, काय कडक माणूस आहे, सख्ख्या बायकोलाही सोडलं नाही. तुला हेच ऐकायचं होतं ना, मग ऐक आता पोटभर.

आपल्या भिंगरीची वेणी सैल घालायला सांग. घट्ट घातली की तिचं डोकं दुखतं. वन्संना ते पटणार नाही, इतकी वर्षं शाळेत मास्तरीण होत्या, त्यांना केसालाही शिस्त लागते. पण धाकट्या भावाचं त्या ऐकतात. तू सांग.

२६ फेब्रुवारी

तुला,

'सर' लिहिलं म्हणून तू रागावलास असं वन्सं फोनवर म्हणाल्या. बरं वाटलं. काहीतरी लागलं म्हणायचं तुला.

फोन आजोबांच्या तंबूत आहे. रविवारी आमची रांग लागते आणि प्रत्येकाच्या मागे दुसरा उभा असतो, त्यामुळे घरच्यांशी बोलायचं म्हणजे हवापाण्याचंच बोलायचं. म्हणून ही पत्रं. शिवाय फोनवर तू मध्येच 'ठेवतो, राउंड आहे' म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

एक कबूल करते. काम आवडतंय. परवा एक जण आणला, छातीत छर्रे. मिसरूडवाला सर्जन आणि मी सकाळी आत गेलो ते दुपार सरल्यावर बाहेर आलो. जगला. बाहेर येऊन आम्ही दोघं थंड चहा पीत बसलो. आपल्या लग्नाआधी आपण असेच बसायचो, आठवतं? लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, ते आपल्याइतकं कोणाला कळणार. तरी मला त्या भाजायला आवडतात. म्हणून पुढचं लिहिताना हात जड झालाय.

भिंगरी म्हणते, रोज सकाळी पोटात दुखतं. शाळेची वेळ झाली की दुखतं, दुपारी थांबतं. मला वाटतं ते माझ्यामुळे आहे. पोरं मनातलं पोटातून बोलतात, हे आपण दोघंही दुसऱ्यांच्या आयांना सांगत आलोय. मागच्या रविवारी ती फोनवर काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मागे उभा असलेला हवालदार घसा खाकरायला लागला, मग मी फोन ठेवला.

मी परत येण्यासाठी अर्ज करतेय. घरच्या कारणासाठी, मुलीच्या तब्येतीसाठी. मी इथे उसनी आलेली, पटावर अजून तुमच्याच इस्पितळाच्या. म्हणजे अर्ज तुझ्याकडे येणार, त्यावर तू शेरा मारणार आणि मग तो वर जाणार. साहेबांनी शिफारस केल्याशिवाय मेजरबाईंना नवऱ्याच्या घरी येता येत नाही. आजोबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसले.

मला दुसरं काही नको. बढती नको, मोठं शहर नको. ती चौथीत आहे, मी सुटेपर्यंत सहावीत गेली असेल. मला तिच्याजवळ यायचंय. सही कर.

१९ मार्च

तुझं पत्र आणि माझा अर्ज एकाच थैलीत आले. आधी पत्र उघडलं. मूर्खासारखं, आशेने उघडलं.

तू ते गमतीने लिहिलंयस. तुझी ती युक्ती, जी मी मेसच्या प्रत्येक पार्टीत ऐकली आणि दरवेळी नव्याने ऐकल्यासारखी हसले. सकाळच्या आजारी रांगेत जवान येतो, पोट दुखतं म्हणतो. तू आधी हाताने दाबतोस, तो कळवळतो. मग 'थांब, आतला आवाज ऐकतो' म्हणून त्याच जागी स्टेथोस्कोप ठेवतोस आणि त्यानेच हळूहळू तेवढंच दाबतोस. ज्याचं खरंच दुखतं तो दोन्ही वेळा ओरडतो. ढोंग्याला वाटतं डॉक्टर नुसता ऐकतोय, तो निवांत पडून राहतो. मग कार्डावर 'औषध आणि ड्यूटी'. गोळी घे आणि कवायतीला चालू लाग. ढोंग पकडण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही, हे मी स्वतः नव्या डॉक्टरांना सांगितलंय.

आणि आता तू ती युक्ती भिंगरीवर केलीस. 'बाईसाहेब नापास,' लिहिलंयस. 'हात लावला तर कळवळली, स्टेथोस्कोपला हूं नाही की चूं नाही. दिली एक गोड गोळी आणि धाडली शाळेत. औषध आणि ड्यूटी.' खाली हसरा चेहरा काढलायस. तुला चित्रं काढता येतात हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग अर्ज उघडला. तुझा शेरा, तुझ्या त्या ताठ अक्षरात: 'अर्जदाराच्या मुलीची तपासणी मी स्वतः केली आहे. कोणताही आजार आढळला नाही. शिफारस नाही.' खाली सही, सहीखाली पूर्ण हुद्दा.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस की मी फोनवर तिला काय शिकवते. म्हणजे तुला वाटतं की आम्ही आई आणि मुलगी मिळून नाटक करतोय. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, तुला कदाचित दुसरं काही म्हणायचं असेल म्हणून. नाही, तेच म्हणायचं होतं.

धरून चालू की ती ढोंग करत होती. असू दे तुझंच खरं. पण ढोंग करणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं ना रे? जवानाला सुट्टी हवी असते, म्हणून तू त्याला देत नाहीस. तुझ्या मुलीला काय हवं होतं ते तिला विचारलंस का? तिला तिची आई हवी होती, आणि तू तिला गोड गोळी दिलीस.

मला तुझा इतका राग आलाय की आज थिएटरमध्ये औषधांच्या कुप्या दोन-दोनदा वाचून मगच हातात घेतल्या. स्वतःवर विश्वास नव्हता.

६ एप्रिल

थोडक्यात लिहिते.

आजोबांनी शेरा वाचला. मला बसवलं आणि म्हणाले, हा अर्ज आपण थेट वर पाठवू, माझ्या सहीने, त्यात काही बेकायदा नाही. मी नको म्हटलं. या उन्हाळ्यात तुझ्या बढतीचा बोर्ड बसतोय. बायकोने नवऱ्याला डावलून तक्रार केली असं कागदावर आलं तर बोर्डावरचे चार म्हातारे भुवया उंचावतील. आजोबांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, 'पोरी, तोही त्याचीच बाजू घेतोय आणि तूही त्याचीच घेतेयस. मग तुझी कोण घेणार?' मी उठून वॉर्डात गेले.

भिंगरी परवा फोनवर छान बोलली. जरा जास्तच छान. पोटाचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, 'बाबा म्हणाले, शूर मुलं सारखं सारखं सांगत नाहीत.' तू असं म्हणालास? म्हणाला असशील. तुझंच वाक्य आहे.

एक विनंती आहे. तिला पुन्हा दुखलं तर तू तपासू नकोस. लहान मुलांच्या डॉक्टरबाई गावात आहेत, वन्संबरोबर पाठव. आपल्याच माणसाला आपण तपासू नये, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून घोकवलंय. त्यात कमीपणा नाही. कोणी काही म्हणणार नाही. एवढं कर, मग मी अर्जाचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही.

१८ एप्रिल

हेलिपॅडच्या कडेला पत्र्याची खोली आहे, तिथे बसून लिहितेय. ढग खाली आलेत, हेलिकॉप्टर उडत नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, मी तुझ्या हातात देईन. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय.

निरोप असा आला: मुलगी शाळेच्या मैदानावर कोसळली, अपेंडिक्स फुटलं होतं, साहेबांनी स्वतः ऑपरेशन केलं, प्रकृती स्थिर. वायरलेसवरच्या पोराने तो निरोप मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. म्हणाला, 'साहेबांचं काळीज वाघाचं आहे, मॅडम.'

मग वन्संचा फोन लागला. त्या रडत होत्या, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सकाळी ती पांढरीफटक पडली होती. वाकून चालत होती. वन्सं तुला म्हणाल्या, आज राहू दे, डॉक्टरबाईंना दाखवून आणते. तू म्हणालास, 'आक्का, मी अशी पन्नास पोटं रोज बघतो.' तू तिला पलंगावर आडवं केलंस. हात लावलास तशी ती ओरडली. मग स्टेथोस्कोप लावलास, दाबलास. ती गप्प. तू उठून हात धुतलेस आणि म्हणालास, दप्तर घे.

मी विनंती केली होती. मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

पायलट आत येऊन म्हणतोय की आणखी थोडं थांबावं लागेल. भला माणूस आहे, मला बिस्किटं आणून दिली. मला त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. ढगांवर ओरडून उपयोग नाही आणि तू समोर नाहीस.

ती गप्प का राहिली असेल? हे मला कळत नाहीये. फुटायला आलेल्या अपेंडिक्सवर कोणी दाबलं तर मोठा गडी किंचाळतो.

२० मे

माहेरी, दादाच्या घरून लिहितेय. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. बढती झाल्याचंही कळलं. अभिनंदन. बोर्डावरच्या म्हाताऱ्यांना वाघाचं काळीज आवडलं असणार.

तुझ्या घरातून तिला इकडे घेऊन आले तेव्हा तू दारात उभा होतास आणि 'किती दिवस?' एवढंच विचारलंस. तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मी सेवा सोडतेय. अर्ज आजोबांकडून थेट वर गेला, या वेळी मी नको म्हटलं नाही. तू लिहिलंयस की आता तू शिफारस करायला तयार आहेस, मी तुमच्याच इस्पितळात परत यावं. धन्यवाद. आता तुझी शिफारस लागत नाही.

मला ही नोकरी आवडत होती. तो लोखंडी डबासुद्धा आवडत होता. इथे दादाच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये आठवड्यातून तीनदा भूल द्यायला जाईन, मोतीबिंदू आणि हर्निया. दोघांपैकी एकाला सोडावंच लागणार होतं. कोणी सोडायचं ते तुला कधी ठरवावं लागलं नाही, ते आपसूकच ठरलं. याचा मला राग आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

तू लिहितोस, त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आपण पुन्हा एका टेबलावर उभे होतो, तेव्हा तुला वाटलं की सगळं पूर्वीसारखं होईल. पोटात पुन्हा पू साठला होता आणि कॅप्टन चीफच्या मुलीला भूल द्यायला धजत नव्हता, म्हणून मी उभी राहिले. तिने मास्क लावायच्या आधी माझं बोट धरलं आणि विचारलं, तू जाणार नाहीस ना. मी नाही म्हटलं आणि तिला झोपवलं. पुढे मी फक्त तिच्या श्वासाकडे बघत होते. तू टाके घालताना एकदा माझ्याकडे बघितलंस हे मला दिसलं. त्यात पूर्वीसारखं काहीही नव्हतं. मी तिथे तुझ्याबरोबर नव्हते, तिच्याबरोबर होते.

तिथले सगळे अजून तुझंच कौतुक करतात. स्वतःच्या लेकीचं पोट उघडायला छाती लागते म्हणतात. खरंच लागते, आणि तू ते चांगलं केलंस, ती तुझ्या हातामुळेच वाचली. हे मी लिहून देते. सकाळी तिला दप्तर घ्यायला कोणी सांगितलं, हे वन्संना आणि मला सोडून कोणाला माहीत नाही. मी कोणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

परवा मी तिची जखम साफ करत होते. ती आता बरी आहे, थोडी वाकून चालते, आणि पूर्वीसारखी घरभर गरगरत नाही. छताकडे बघत पडली होती. एकदम म्हणाली, 'आई, त्या दिवशी बाबांना माझ्या पोटातलं ऐकू आलं नव्हतं का?'

मी विचारलं, कोणत्या दिवशी.

'शाळेत पडले त्या दिवशी. बाबांनी स्टेथोस्कोप लावला होता ना, तेव्हा खूप दुखत होतं. खूप म्हणजे खूप. पण मी हलले नाही. श्वास पण घेतला नाही. हललं की बाबांना ऐकू येत नाही ना.'

हातातला कापूस माझ्या हातातच राहिला.

तूच तिला शिकवलंस. ती बोलायला लागली तेव्हापासून, प्रत्येक सर्दीखोकल्यात, मांडीवर बसवून. 'आता एकदम पुतळा. हललीस की आतलं बोलणं बाबांना ऐकू येत नाही.' मी त्या वेळी शेजारी उभी असायचे आणि मला ते फार गोड वाटायचं. तुझ्या त्या रांगेतल्या जवानाला कोणी हे शिकवलेलं नसतं. त्याच्या पोटावर स्टेथोस्कोपने दाबलं आणि दुखलं तर तो ओरडतो. डॉक्टरची पोर ओरडत नाही. ती दात आवळून पुतळा होते, कारण तिला वाटतं, बाबा आता ऐकताहेत, आता त्यांना कळेल. पहिल्या वेळीही ती अशीच पडून राहिली असणार, जेव्हा तू मला हसरा चेहरा काढून पाठवलास. तेव्हा दुखणं खरं होतं की माझ्यामुळे होतं, ते आता कोणालाच कळणार नाही.

युक्ती तुझी, सवयही तूच लावलेली. दोन्ही तुझ्याच हातची असून तुला एकीची दुसरीशी गाठ घालता आली नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही, मी तर त्या पत्र्याच्या खोलीत बसून तासन्‌तास तेच शोधत होते.

मी तिला उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, बाबांनाच विचार. त्यावर ती खूश झाली. विचारून झाल्यावर तुला व्रण दाखवायचाय तिला, तुझे टाके किती सरळ आलेत ते.

तेव्हा तू रविवारी येतो म्हणतोस तर ये. वहिनी चहा ठेवतील आणि आत जातील. मीही खोलीत थांबणार नाही. ती तुला विचारेल. ऐकू आलं होतं असं सांगितलंस तर ती म्हणेल, मग मला शाळेत का पाठवलंत. ऐकू आलं नाही असं सांगितलंस तर तिला वाटेल, तीच हलली असणार. तिसरं उत्तर म्हणजे खरं उत्तर: बाबांना वाटलं की तू खोटं बोलतेस. ते तुझ्याशिवाय कोणीच देऊ नये, आणि तू दिलंस तर ती यापुढे कोणालाही, अगदी मलासुद्धा, कुठे दुखतंय ते सांगेल की नाही, हे मला माहीत नाही.